लिव्हिंग्स्टन : दगड नव्हे, वाडी

प्रश्न : आफ्रिकेत फिरलेल्या डॉ. लिव्हिंग्स्टनच्या आडनावाचा अर्थ ‘जिवंत दगड’ असा घ्यायचा का? मुलीने विचारलं, मला सांगता आलं नाही.

उत्तर : नाही. यात ‘जिवंत’ही नाही आणि ‘दगड’ही नाही. फोड आहे लेविंग + स + टून. लेविंग हे माणसाचं नाव. जुन्या इंग्रजीतल्या ‘लेओफ’ म्हणजे ‘लाडका’ या शब्दावरून आलेलं. मधला ‘स’ आपल्या ‘चा-ची-चे’चं काम करतो. बाराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पश्चिमेला या लेविंगकडे जमीन होती. त्याचा मुलगा थर्स्टन याने तिथलं चर्च होलिरूडच्या मठाला दिलं. लॅटिन दानपत्रांत त्या गावाला ‘व्हिला लेविंग’ म्हटलंय. गावाला माणसाचं नाव मिळालं आणि गावावरून पुढच्यांना आडनाव. आपल्याकडे असतं तर लेविंगवाडी आणि लेविंगवाडीकर!

शंका : पण टून म्हणजे टाऊन ना? मग वाडी कशी?

उत्तर : टाऊन हा अर्थ नंतरचा. टून म्हणजे आधी कुंपण. जर्मनमध्ये ‘त्साउन’ अजून कुंपणच आहे. मग कुंपणाच्या आतली जागा, मग शेत आणि घरं. स्कॉट लोक शेतवस्तीला ‘टून’ म्हणत आलेत. ‘वाडी’सुद्धा संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, तिथूनच आली. दोन्ही शब्दांची वाटचाल इतकी सारखी आहे की मला दुसरा प्रतिशब्द सुचतच नाही. जॉन्स्टनमध्येही हाच टून.

भर : एक गोष्ट राहिली. डॉ. लिव्हिंग्स्टनचं, म्हणजे डेव्हिडचं, घराणं त्या गावचं नव्हतंच. त्याचे आजोबा पश्चिमेकडच्या उल्वा बेटावरून आले, गेलिक बोलणारे. त्या किनाऱ्यावरच्या मॅक्ली घराण्यांनी इंग्रजी व्यवहारासाठी लिव्हिंग्स्टन हे आडनाव घेतलं होतं. मॅक्लीचा एक जुना अर्थ सांगतात ‘मॅक अन लेय’, म्हणजे वैद्याचा मुलगा. त्याच घराण्यात पुढे डॉक्टर निपजला! त्याचे वडील आडनावातला शेवटचा ‘ई’ गाळून लिहीत. डेव्हिडनेही बरीच वर्षं तसंच लिहिलं, मग ‘ई’ परत लावला. त्या एका अक्षरामुळेच लिखित रूपात ‘स्टोन’ दिसतो आणि आपण फसतो.

प्रश्नकर्त्याकडून : मनापासून आभार. आम्ही नाशिकचे, म्हणून एक सांगतो. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांची शाळा इथे शरणपूरला होती. तिथली नऊ मुलं लिव्हिंग्स्टनबरोबर १८६६ साली आफ्रिकेला गेली. जेकब वेनराइटही याच शाळेतला, तो मागाहून गेला. १८७३ मध्ये चितांबोच्या गावी डॉक्टर वारले, तेव्हा त्यांचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं त्याच्या खोडावर हे आडनाव जेकबनेच कोरलं.