पोकळ खोड आणि झाडाचं वय
"खोड आतून पोकळ झालं म्हणजे झाडाचं वय झालं, ते पाडलेलंच बरं" हा झाडांच्या वयावरच्या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा पटला नाही. जाड खोडाचा आतला गाभा तसाही मेलेलाच असतो, त्याचं काम आधार देण्याचं. वाढ होते ती सालीखालच्या पातळ थरात. म्हणून पोकळ गोरखचिंच शतकानुशतके उभी राहते, आणि धडधाकट आंब्याची साल कुणी बुंध्याभोवती गोल सोलून काढली तर तो वाळून जातो. (पोकळ झाड वादळात मोडू शकतं ही भीती खरी, पण तो वेगळा प्रश्न झाला.)

एवढ्या चर्चेत वड कसा आला नाही याचं नवल वाटतं. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला वड अडीचशे वर्षांचा तरी आहे. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत तो मोडला, मुख्य खोडाला बुरशी लागली आणि १९२५ साली ते खोड कापून काढलं. झाड मात्र हजारो पारंब्यांवर अजून पसरतंय. आता याचं वय कुठून मोजायचं? रस्त्याकडेची आपली झाडं मात्र म्हातारपणाने मरतात असं मला तरी दिसत नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात, केबलसाठी चर खणताना मुळं तोडतात, त्या जखमांतून बुरशी शिरते. काही पावसाळ्यांनी झाड आडवं झालं की सगळे म्हणतात, जुनंच होतं.