विषय: शुक्रवारी कृपया विमानतळावर येऊ नये

सप्रेम नमस्कार,

व्हिसा काल हाती आला आणि भारतात दत्तक घेतलेल्या बाळासह आम्ही तिघे शुक्रवारी रात्री अमेरिकेत उतरत आहोत. विमानतळावर जमण्याविषयी स्वागत समितीने पाठवलेली मेल वाचली. आपुलकीबद्दल मनापासून आभार, परंतु कृपया कोणीही येऊ नये, आणि पुढचे काही आठवडे बाळाला आम्हा दोघांखेरीज कोणी उचलून घेऊ नये किंवा भरवू नये. तो दीड वर्षाचा आहे. आजवर तो शिशुगृहातच राहिला, तिथल्या मावश्यांनाच आपले मानत आला, आणि आता त्याच्या ओळखीचा प्रत्येक चेहरा आणि आवाज एकदमच मागे राहिला आहे. डबे मात्र आम्हाला खरोखर हवे आहेत. ते दाराबाहेर ठेवावेत.

— बाळाची आई

*

ताई,

मंडळात येणाऱ्या नव्या कुटुंबांना विमानतळावरून घरी आणण्याचे काम सर्वसाधारण सभेने समितीकडे सोपवलेले आहे, त्यामुळे सर्वांना लिहिण्याआधी आपण समितीला कळवले असते तर बरे झाले असते. माझी शंका अशी, की जे मूल दहा हातांत वाढले, त्याला माणसांची सवय असणारच. आजी-आजोबा इथे नसताना त्याचे गणगोत आपणच आहोत. चार मराठी आवाज कानी पडले, तर त्याचा जीव रमेल. गाडीची आणि बाळाच्या आसनाची व्यवस्था झालेली आहे. ती रद्द करायची काय?

— स्वागत समिती

*

काका,

दहा हातांत वाढल्यामुळेच ही काळजी घ्यावी लागते. शिशुगृहात मावश्यांच्या पाळ्या बदलतात, आणि मूल रडले की ज्यांची पाळी असेल त्या येतात. आपण रडलो, भुकेजलो, घाबरलो की दर वेळी हीच दोन माणसे येतात, हे त्या मुलाला अनुभवानेच कळते, आणि मध्ये प्रेमळ का होईना पण अनेक हात आले, तर ते कळायला फार वेळ लागतो. कोणाच्याही कडेवर हसत झेपावणारे मूल पाहून आपण कौतुक करतो, पण या वयात परक्याला पाहून आईला बिलगणे हेच निरोगी लक्षण आहे. आमची मुलगी सुरुवातीला पडली तरी रडत नसे. गुपचूप उठून दुसरीकडे जाई. पुढे एकदा ती पडली आणि रडत थेट आमच्याकडे धावत आली, तेव्हा आम्हा दोघांनाही रडू आवरले नाही.

ताई, शिशुगृहातली त्याची चादर मिळाली असेल, तर ती न धुता आणावी. ओळखीच्या वासाने झोप लागायला मदत होते. इथे आल्यावर दोन आठवड्यांच्या आत बालरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि बीसीजी ही क्षयाची लस दिलेली आहे म्हणून क्षयाची तपासणी टाळू नये. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या तपासण्या सहा महिन्यांनी पुन्हा करून घ्याव्यात.

— एक दत्तक-पालक (व्यवसायाने डॉक्टर)

*

डॉक्टरांनी तपासण्यांचे लिहिले, पण त्याआधी बाळाचे नाव विम्यात घालणे आवश्यक आहे. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात दत्तक मुलाचे नाव घालण्यास किमान ३० दिवस मिळतात, आणि ही मुदत विमानातून उतरल्यापासून नव्हे, तर दत्तक आदेशापासून किंवा दत्तकासाठी मुलाची जबाबदारी स्वीकारल्यापासून मोजली जाते. म्हणून तिथूनच कळवावे. भारतात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झालेला असल्याने व्हिसा आयएच-३, म्हणजे परदेशातच दत्तकविधान पूर्ण झालेल्या मुलाचा, असेल. २००० सालच्या बालक नागरिकत्व कायद्यानुसार असे मूल इथे प्रवेश मिळताच नागरिक होते, त्यामुळे ग्रीन कार्डाची वाट पाहू नये. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र टपालाने येते. कारासाठीचे (भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणासाठीचे) पाठपुरावा अहवालही दोन वर्षे द्यायचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

— माजी सचिव

*

डॉक्टरांचे म्हणणे पटले. मी एकटाच गाडी घेऊन येईन, बाकीच्यांना मी स्वतः फोन करतो. डब्यांची यादी मात्र समितीच करील. महिला शाखेने वेगळी यादी काढल्यास एका दिवशी तीन डबे जातील आणि दुसऱ्या दिवशी एकही जाणार नाही, हे मागच्या बाळंतपणांत सर्वांनी पाहिले आहे.

— स्वागत समिती

*

महिला शाखेची यादी कालच पूर्ण झालेली आहे. ती समितीला पाठवते. त्यात समितीने आपली नावे घालावीत.

— महिला शाखा

*

काका, आपण अवश्य यावे. बाळाने आपल्याकडे हात पुढे केले, तर हसून त्याला आमच्याकडे वळवावे. तो रडला, तरी त्याला आम्हालाच घेऊ द्यावे. त्याला दोन वर्षे पूर्ण झालेली नसल्याने आसन मागे तोंड करून बसवलेले असावे. डबा आणणाऱ्यांनी बेल न वाजवता मला निरोप पाठवावा, कारण सुरुवातीला त्याची झोप दिवसा असेल आणि आमचीही तेव्हाच. चादर मावशींनी स्वतः घडी घालून दिली आहे. विम्यासाठी आत्ताच लिहीत आहे. आदेश होऊन बरेच दिवस झाले आहेत.

— बाळाची आई