उभ्या गाडीची बॅटरी घरी कशी तपासावी आणि कशी काढावी?

नाशिककर_चालक
नमस्कार. माझी छोटी पेट्रोल गाडी आठवड्यातले बहुतेक दिवस इमारतीखाली उभीच असते. हल्ली सकाळी किल्ली फिरवली की नुसता टक-टक आवाज येतो आणि इंजिन सुरू होत नाही. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, पाण्याची झाकणे असलेली आणि तीन वर्षांची आहे. धन टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर जमला आहे. दुकानदाराने मीटरही न लावता नवी बॅटरी घेण्यास सांगितले, ते मला पटले नाही. घरी मल्टिमीटर आहे. बॅटरी खरोखर संपली आहे का हे कसे ओळखावे आणि ती काढायची झाल्यास कोणता क्रम पाळावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तारयंत्र
न तपासता बॅटरी बदलू नका, कारण टक-टक आवाज सैल किंवा गंजलेल्या टर्मिनलमुळेही येतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही सुरू न करता, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मोजा. गाडी नुकतीच चालवलेली असेल तर आकडा फसवा, म्हणजे जास्त येतो. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ च्या खाली आकडा गेला तर ती तातडीने चार्ज करावी. तशीच पडून राहिली तर शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि मग तिची क्षमता पूर्ववत होत नाही.

त्यानंतर कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून त्याच वेळी आकडा पाहा. भरलेली बॅटरी स्टार्टरच्या ओढीखाली ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर ती थकली आहे असे समजावे. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ दरम्यान आकडा मिळाला तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारे यंत्र, सहसा ठीक असतो, तो १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत अशीच उतरेल.

तुमच्या बॅटरीला झाकणे असल्यामुळे हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या साधनाने, सहाही कप्पे तपासता येतील, आणि माझ्या मते घरगुती तपासणीत याहून खात्रीचे साधन नाही. पूर्ण भरलेल्या कप्प्यात घनता १.२६५ च्या जवळपास येते. पाच कप्पे सारखे आणि एक बराच खाली असेल, तर तो कप्पा निकामी झाला आहे आणि चार्ज करून उपयोग होणार नाही.

कोकणवाट
काढण्याच्या क्रमाबद्दल लिहितो, कारण धोका तिथेच अधिक आहे. गाडी बंद करून किल्ली बाहेर ठेवा, अंगठी, घड्याळ, कडे काढा, हातमोजे आणि चष्मा घाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळपास विडी-सिगारेट किंवा उदबत्तीही नको. बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी ऋण तार सोडवा आणि कापडात गुंडाळून बाजूला करा, मगच धन तार सोडवा. गाडीचे सगळे लोखंडी अंग ऋण टोकाला जोडलेले असते. ऋण तार तशीच ठेवून धन बाजूला पाना लावला आणि तो बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्टसर्किट होऊन पाना लालबुंद होऊ शकतो. बसवताना उलट करावे, आधी धन आणि शेवटी ऋण. खालची पट्टी सोडवल्यावर बॅटरी सरळच उचला, कारण तिरकी झाली की आम्ल सांडते.

थरासाठी गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, मात्र झाकणे घट्ट लावलेली असू द्या, कारण तो सोडा आत गेला तर आम्ल निष्प्रभ होते. पूर्ण कोरडे झाल्यावर टर्मिनल घट्ट करून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. आमच्याकडच्या दमट हवेत हे पावसाळ्याआधी करावेच लागते. आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

नाशिककर_चालक
दोघांचेही मनापासून आभार. सकाळी १२.१ व्होल्ट आले, पण सहाही कप्प्यांची घनता सारखी आहे, आणि चालू इंजिनवर १४.२ मिळाले. म्हणजे बॅटरी फक्त उतरलेली आहे असे मानावे का?

तारयंत्र
होय, तसेच दिसते. साडेतीन अँपिअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या प्रवाहाने, हवेशीर जागी सावकाश पूर्ण चार्ज करा. पाणी पत्र्यांच्या खाली गेले असेल तर आधी पत्रे बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. आरओचे किंवा नळाचे पाणी नको, आणि आम्ल तर मुळीच नको.

तरीही आठवड्याभरात पुन्हा उतरली, तर गाडी बंद असतानाही कुठेतरी विजेची गळती आहे. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या जागी लावून ऋण खुंटी आणि सुटी ऋण तार यांच्यामध्ये जोडा, दारे बंद करून अर्धा तास थांबा आणि वाचा. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालते. अधिक असल्यास एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या वाटेवर दोष आहे. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नका. शंका आधी बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमवर आणि कॅमेऱ्यावर घ्यावी. आणि एवढे सगळे करण्याआधी आठवड्यातून एकदा गाडी पाऊण तास सलग, मोकळ्या रस्त्यावर फिरवून पाहा. जागेवर दहा मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने सुरू करताना खर्चलेली वीजही पुरती भरून निघेल असे नाही.