शब्दचर्चा : 'भरून पावणे'

परवा एका मित्राच्या घरी मराठी बायबल चाळताना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात अडकलो. लोकांनी वाहवा करावी म्हणून दानधर्म करणाऱ्या ढोंग्यांबद्दल येशू म्हणतो, 'ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत.' आमच्याकडे 'भरून पावलो' म्हणजे धन्य झालो. किंवा आई चिडली की, 'भरून पावले रे बाबा तुझ्याकडून!' इथे नेमका कुठला अर्थ घ्यायचा?

*

दोन्ही नाही. शब्द हिशेबातला आहे. आजोबांच्या ट्रंकेत जुन्या पावत्या आहेत. रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही आणि वर 'रक्कम रोख भरून पावलो, तक्रार नाही'. येणं पुरतं वसूल, मागायला काही उरलं नाही. 'पावती'ही याच 'पावणे'तली.

*

मग भाषांतरकाराला दाद द्यायला हवी, कारण मूळ ग्रीक शब्दही पावतीचाच आहे. क्रियापद 'अपेखो'. इजिप्तमध्ये पपायरसावर (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर) आणि खापरांवर लिहिलेल्या पावत्यांचे ढीग सापडले, त्यांत 'मिळाले' म्हणून हाच शब्द येतो. जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी १९०८च्या ग्रंथात हे दाखवून दिलं. शिवाय 'प्रतिफळ' जिथे आहे तिथे ग्रीकमध्ये 'मिस्थोस', म्हणजे चक्क मजुरी. टाळ्यांसाठी काम केलं, टाळ्या मिळाल्या, व्यवहार मिटला. मला यातली गंमत ही वाटते की त्या ओळीत शिक्षेची धमकीच नाही. देवाकडे खात्यात बाकी काही नाही, एवढंच सांगितलंय.

*

तिथेच 'करणा वाजवू नको' आहे. करणा म्हणजे लांब तुतारीसारखं वाद्य. आपण 'टिमकी वाजवणं' म्हणतो तेच. खरोखर कोणी करणा फुंकत दान करत असेल असं नाही. पण यरुशलेमच्या मंदिरात पैसे टाकायच्या तेरा पेट्या शिंगाच्या आकाराच्या होत्या, असं मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, आहे. त्यावरून काही अभ्यासक ही कोटी असावी म्हणतात. मला जरा ओढूनताणून वाटतं.

*

या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत 'धर्माचरण' आणि दुसरीत 'दानधर्म' का, हेही बघा. जुन्या हस्तलिखितांत पहिल्या ओळीत नीतिमत्त्व अशा अर्थाचा शब्द आहे, नंतरच्या अनेक प्रतींत तिथे भिक्षादानाचा शब्द आला. हिब्रूतल्या 'त्सदाका'त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीला यात काहीच अवघड नाही. दारावरचा माणूस 'धर्म करा माई' म्हणतो तेव्हा तो चार पैसेच मागत असतो.

*

पण त्याच्या आदल्याच अध्यायात 'लोकांनी तुमची सत्कर्मे पाहावीत' असंही आहे ना? मग लपवायचं की दाखवायचं?

*

तिथे पाहणाऱ्यांनी गौरव करायचा तो देवाचा. इथे हरकत पाहण्याला नाही, 'पाहावे म्हणून' करण्याला आहे. त्या 'पाहणे'च्या ग्रीक धातूपासूनच नाट्यगृहाचा 'थेआत्रोन' शब्द झाला, आणि 'ढोंगी' म्हणजे 'हिपोक्रितेस', मूळ अर्थ नट. दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असंही तिथेच आहे, ते त्याच्याही पुढचं. डावा हात काही शेजाऱ्याचा नाही, आपलाच आहे. म्हणजे प्रेक्षकांतून स्वतःलाही उठवायचं. आपलं 'गुप्तदान' नाव झाकतं. देणारा मनात पाठ थोपटून घेतो ती मात्र तशीच राहते.

*

आभार, भरून पावलो (आजोबांच्या अर्थाने). एक शंका उरली. आमच्या सभागृहात पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलंय. पंखा चालू असला की दिसत नाही, वीज गेली की स्वच्छ वाचता येतं. त्यांचं खातं मिटलं की बाकी आहे?

*

पंखा कितीवर ठेवता त्यावर आहे.