मदत हवी आहे: आण्णांना अबू सिंबेल दाखवायचंय, इजिप्तची ट्रीप कशी बसवू?

नमस्कार मंडळी,
मी संभाजीनगरला असते. वडिलांना, म्हणजे आमच्या आण्णांना, इजिप्तला घेऊन जायचंय आणि जाऊन आलेल्या लोकांचा सल्ला पाहिजे. जरा सविस्तर लिहिते कारण आमची मागणी नेहमीच्या टूरपेक्षा वेगळी आहे आणि टूरवाल्यांना ती कळेना झालीय.

आमचं मूळ गाव गोदावरीच्या काठाला, पैठणच्या वरच्या अंगाला होतं. आता ते नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात आहे. जायकवाडी १९७६ ला पुरं झालं, त्याच्या आधीच गाव उठलं, आण्णा तेव्हा विशीतले. नवीन गावठाणात प्लॉट मिळाले, घरं झाली, पण महादेवाचं दगडी देऊळ होतं तिथंच राहिलं, गावकऱ्यांनी पिंड आणि नंदी तेवढा बैलगाडीत घालून आणला. दुष्काळात धरण आटलं की जुने चौथरे उघडे पडतात, मग आण्णा चिखल तुडवत जातात आणि इथं पार होता, इथं आपली ओसरी होती, हा बारवेचा कठडा असं नातवंडांना दाखवत फिरतात.

तर झालं असं की त्यांच्या वाचण्यात अबू सिंबेल आलं. नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण बांधायचं ठरलं तेव्हा तीन हजार वर्षांपेक्षा जुनी देवळं पाण्याखाली जाणार होती, दुसऱ्या रामसेस राजाची, डोंगरातच कोरलेली, दारात राजाचे चार बसलेले पुतळे, एकेक जवळपास २० मीटर उंच. आणि ती सगळी कापून, वर उचलून, जशीच्या तशी परत बसवली. १९६४ ते १९६८ हे काम चाललं. म्हणजे इकडं आमच्या जायकवाडीचं काम सुरू झालं आणि तिकडं त्याच वर्षांत लोक देऊळ उचलत होते, हे वाचल्यापासून आण्णा एकच म्हणायलेत, मला ते बघायचंय, पिरॅमिड नाही दाखवले तरी चालतील.

आता अडचण. आण्णांचं वय ७४, गुडघे दुखतात, सपाटीला आरामात चालतात पण जिने चढणं नको वाटतं. पूर्ण शाकाहारी, माळकरी आहेत. आम्ही तिघं जाणार, आण्णा, मी आणि माझा भाऊ. ज्या ज्या टूरवाल्याशी बोलले त्यांच्याकडं कैरो, पिरॅमिड, क्रूझ, शॉपिंग असंच आहे, अबू सिंबेल म्हणलं की "ते ऑप्शनल आहे मॅडम, पहाटे नेतात दुपारी आणतात, वयस्कर लोकांना झेपत नाही, ते हॉटेलवर थांबतात" असं उत्तर. अहो ज्याच्यासाठी जायचं त्यालाच हॉटेलवर बसवून कसं चालेल?

म्हणून विचारते, स्वतः बुकिंग करून जाणं तिघांना जमेल का, अबू सिंबेलला मुक्काम करता येतो का, कोणता महिना धरावा आणि खाण्याचं काय? २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्याचं किरण थेट गाभाऱ्यात जातं म्हणे, त्या दिवशी जावं का गर्दी टाळावी? आणि जी माणसं त्या धरणात उठली त्यांच्याबद्दल तिथं काही बघायला मिळतं का? हा शेवटचा प्रश्न आण्णांचा आहे, त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलाय.

नांदेडची ताई
ताई, नक्की न्या आण्णांना. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो आणि आपलं आपणच बुकिंग केलं होतं, काही अवघड नाही. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे. माझं ऐकाल तर कैरोत पहिल्यांदा थांबूच नका, तिथून तसंच दुसरं विमान धरून आस्वान गाठा, ते खाली दक्षिणेला, रस्त्यानं मोजलं तर साधारण नऊशे किलोमीटर आहे. माणसं ताजीतवानी असतात तेव्हाच अबू सिंबेल करून घ्या, मग परतीच्या वाटेवर लुक्सर आणि शेवटी कैरो. टूरवाले उलटं करतात, त्यामुळं अबू सिंबेल येईपर्यंत म्हातारी माणसं थकून गेलेली असतात.

आस्वानपासून अबू सिंबेल २८० किलोमीटर, वाळवंटातला सरळ रस्ता, साडेतीन तास तरी धरा. टूरच्या गाड्या पहाटे चारला निघतात आणि सगळ्या एकाच वेळी पोचतात, मग आत नुसती रेटारेटी. मुक्काम करता येतो, गाव छोटं आहे पण राहायची सोय आहे. आम्ही दुपारी पोचलो, चारनंतर तिथं मोजकी माणसं होती, सासरे त्या पुतळ्यांच्या पायाशी अर्धा तास बसून राहिले, कुणी उठ म्हणलं नाही. आस्वानहून छोटं विमान पण जातं, पाऊण तासाचं, रस्ता नको असेल तर ते बघा. पार्किंगपासून डोंगराला वळसा घालून चालावं लागतं, वाट बरी आहे, सावली मात्र नाही, टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

किरणांच्या दिवशी जाऊ नका असं मी सांगेन. लोक मध्यरात्रीनंतर येऊन रांगा लावतात, किरण वीसेक मिनिटं असतं आणि एवढ्या गर्दीत आत उभं राहू देत नाहीत, पुढं चला पुढं चला. शिवाय २०२७ चा २२ फेब्रुवारी रमजानात येतो, दिवसा खाण्याचे हाल होतील. नोव्हेंबर ते जानेवारी बघा. उन्हाळ्यात आस्वान म्हणजे आपल्या नांदेडच्या मे महिन्याच्या वरताण.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. कोशरी म्हणून एक प्रकार गल्लोगल्ली मिळतो, भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वरून टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, लई पोटभरीचं. बाकल्याच्या दाण्यांचं 'फूल' म्हणजे शिजवून घोटलेली उसळ, आणि त्याच दाण्यांची 'तामिया' म्हणजे तळलेले वडे, हे नाष्ट्याला. मुलुखिया ही पालेभाजी दिसते पण बहुतेक मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, माळकरी माणसाला ती देऊ नका. आम्ही धपाटे, शेंगाची चटणी आणि येसर नेलं होतं, हॉटेलच्या किटलीतल्या गरम पाण्यात येसर कालवलं की सासूबाईंचं जेवण झालं. आणि एक, बऱ्याच ठिकाणी तिकिटाला रोख घेत नाहीत, कार्डच लागतं, निघायच्या आधी बँकेतून परदेशी वापर चालू करून घ्या. बक्षीस मात्र सगळेच मागतात, त्याला सुट्टे पैसे खिशात ठेवा.

परभणीकर
मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, धरणावरच आयुष्य गेलं, त्यामुळं आण्णांचं म्हणणं मनाला लागलं. ते तिथं गेल्यावर काय बघावं ते सांगतो.

पुतळ्यांच्या अंगावर बारीक रेघा दिसतील, त्या जवळून बघायला सांगा. तिथं दगड कापलेला आहे. वालुकाश्म मऊ असतो, मशीननं दणादण कापला असता तर भुगा झाला असता, म्हणून दर्शनी भागाजवळ हातकरवतीनं अगदी बारीक काप घेतले. त्याआधी ठिसूळ जागी रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट पदार्थ, भरून दगड घट्ट केला. वरचा डोंगर फोडताना पुतळ्यांना धक्का लागू नये म्हणून पुढं वाळूचा ढीग घालून ते झाकले, आणि हे चालू असताना तलावाचं पाणी चढतच होतं, ते अडवायला तात्पुरता बांध घातला होता. हजाराच्या वर तुकडे, एकेक वीस-तीस टनांपर्यंत, प्रत्येकावर नंबर. साधारण ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागं नेऊन जोडलं, वर काँक्रीटचा मोठा घुमट बांधून त्यावर डोंगर रचला. समोरून बघताना तो रचलेला डोंगर आहे हे ओळखू येत नाही. आणि दिशा इतकी नेमकी धरली की किरण अजून गाभाऱ्यात जातं. आत चार मूर्ती आहेत, त्यातल्या प्ताह देवावर ते पडत नाही, आधीपासून तसंच.

पैसा एकट्या इजिप्तनं नाही घातला. युनेस्कोनं १९६० ला हाक दिली, पन्नासेक देश पुढं आले. मदतीची परतफेड म्हणून इजिप्तनं काही छोटी देवळं देऊन टाकली, डेंदूरचं न्यूयॉर्कला, देबोदचं माद्रिदला. १९७२ चा जागतिक वारसा करार ह्याच धडपडीतून पुढं आला, त्या कराराच्या जागतिक वारसा यादीत १९८३ ला आपलं वेरूळ-अजिंठा बसलं.

आण्णांच्या प्रश्नाबद्दल. देवळं उचलली पण माणसांना उठावंच लागलं. इजिप्तच्या बाजूचे पन्नासेक हजार नूबियन लोक, म्हणजे त्या नाईलकाठचे मूळ रहिवासी, १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोकडं हलवले, सुदानच्या वादी हाल्फा गावाचे लोक तर फारच लांब नेले. त्यांची शेतं, खजुराच्या बागा, कबरस्तानं पाण्यात गेली. आस्वानमध्ये नूबियन म्युझियम आहे, १९९७ ला उघडलेलं, तिथं निम्मा दिवस ठेवा. देऊळ वाचलं एवढंच बघून परत आलात तर आण्णांना अर्धीच गोष्ट कळेल. आस्वानजवळचं फिलेचं देऊळ पण बघा, तेही उचलून शेजारच्या बेटावर बसवलंय, बोटीनं जावं लागतं, चढता-उतरताना दोघांनी धरा.

आणि जायच्या आधी एक सुचवतो, नागार्जुनकोंड्याला जाऊन या. नागार्जुनसागरच्या वेळी तिथले बौद्ध अवशेष असेच हलवून टेकडीवर मांडले, ती टेकडी आता बेट आहे, लाँचनं जातात. हैदराबादमार्गे जाता येतं, आण्णांचे गुडघे बोटीत आणि चढावर कसे चालतात ते पण कळेल.

जालनेकर
पिरॅमिड अगदीच सोडू नका राव, एवढ्या लांब जाऊन. खुफूचा पिरॅमिड बाहेरून बघा, साडेचार हजार वर्षांचा आहे, आत जायची वाट वाकून चढायची आणि अरुंद, गुडघेवाल्यांनी जाऊ नये. नवीन मोठं म्युझियम तिथं जवळच आहे, तुतनखामेन राजाच्या कबरीतला सगळा खजिना आता तिकडं, लिफ्ट वगैरे सगळं आहे. लुक्सरला राजांच्या दरीत चौथ्या रामसेसची कबर बघा, उतार सौम्य आहे. व्हिसाचं एजंटवर सोडू नका, मुंबईला त्यांचं कॉन्सुलेट आहे, नियम तिथंच विचारा, बदलत असतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, आण्णांना सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. परभणीकर काका, हातकरवतीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि नूबियन लोकांबद्दल ऐकून म्हणाले, त्यांच्यातलं कुणी म्हातारं माणूस भेटलं तर बोलायचंय मला. तर आधी आस्वान हे पक्कं, किरणांचा दिवस रद्द, आणि दिवाळीनंतर लगेच नागार्जुनकोंडा.

आता दोनच गोष्टी राहिल्या. आस्वानला एखाद्या नूबियन कुटुंबाच्या घरी मुक्काम करता येतो असं दिसलं, वयस्कर माणसाला घेऊन कुणी तसं राहिलंय का, पाश्चात्य टॉयलेट आणि तळमजल्याची खोली मिळते का? आणि आण्णांचं हिंदी चांगलं आहे पण इंग्रजी अजिबात नाही, तर तिथं हिंदी बोलणारा गाईड आस्वानला मिळतो का फक्त कैरोतच? नाही मिळाला तर भाऊ इंग्रजीवरून सांगत जाईल, पण त्या लोकांशी बोलताना मधे दोन भाषा पडल्या की आण्णा गप्प होतात, म्हणून विचारते. कुणाला माहीत असेल तर ताई-दादा जरूर लिहा, तिकिटं ह्या महिनाअखेरीला काढायचीत.