कराचे पैसे हिशेबनिसाने भरलेच नाहीत: देणं कसं निस्तरायचं? (अनुभव धागा)

धागाकर्ता
दुकानदार, कंत्राटदार, छोटे वर्कशॉपवाले दर महिन्याला कराचे पैसे हिशेबनिसाच्या हाती देतात. तो चलनाची पीडीएफ पाठवतो, आणि दोन-तीन वर्षांनी एक दिवस बँक खातं गोठतं. अशी प्रकरणं ज्यांनी हाताळली आहेत त्यांनी लिहावं. कोण कसा फसला याच्या कहाण्या नकोत. कुठला फॉर्म, किती मुदत, नेमकं कुठे अडतं ते हवं. पैसे कुणीही खाल्ले असोत, सरकारदप्तरी देणं व्यापाऱ्याच्याच नावावर राहतं, हे मान्य करूनच बोलूया.

खतावणी
जाब विचारायला जाण्याआधी ताबा घ्या. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल बहुतेक वेळा हिशेबनिसाचाच असतो, त्यामुळे नोटिसा त्याच्याकडे जातात आणि पासवर्ड बदलायचा ओटीपीही. अशा वेळी ओळखपत्र आणि धंद्याची कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. तो नवा ईमेल-मोबाइल चढवतो आणि तात्पुरता पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. प्राप्तिकराच्या पोर्टलचा पासवर्ड आधार ओटीपीने घरबसल्या बदलता येतो. डिजिटल सहीचं टोकन त्याच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ते परत घ्या. देत नसेल तर सही रद्द करून नवी काढा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअपही त्याच दिवशी घ्या. भांडण झाल्यावर डेटा मिळत नाही.

जमाखर्च
आता खरा आकडा. त्याने दिलेला एकही कागद धरू नका, पोर्टलवरून सगळं नव्याने उतरवा.

सर्वात जास्त फसवणूक चलनात होते. चलन तयार केलं की १४ अंकी सीपीआयएन (चलनाचा क्रमांक) पडतो आणि पीडीएफ निघते. ती फक्त पैसे भरण्यासाठीची चिठ्ठी आहे; १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर बाद होते. पैसे खरंच जमा झाले की त्या १४ अंकांपुढे बँकेची तीन अक्षरं लागून सीआयएन (भरणा झाल्याचा क्रमांक) तयार होतो. पीडीएफवर सीपीआयएन आहे, सीआयएन नाही, म्हणजे पैसे गेलेलेच नाहीत. सीआयएन छापलेला दिसला तरी इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरचं आपल्या रोख भरण्याचं खातं) त्या तारखेची जमा शोधा, कारण पीडीएफवरचे अंक बदलता येतात.

दुसरी जागा ३बी, म्हणजे कर भरायचं जीएसटी रिटर्न. तक्ता ३.१(अ) मध्ये विक्री बरोबर दिसते, पण ४(अ)(५) मध्ये खरेदीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) फुगवलेलं असतं. मग ६.१ मध्ये रोखीने भरलेला कर शून्य. त्या महिन्याचा २बी (पुरवठादारांच्या बिलांवरून पोर्टलने काढलेला क्रेडिटचा तक्ता) शेजारी ठेवला की फरक लगेच उघडा पडतो. हे प्रकरण न भरलेल्या रिटर्नपेक्षा वाईट, कारण खोटं क्रेडिट वापरलं असं दिसतं आणि अधिकारी जीएसटी कायद्याच्या कलम ७४ कडे (मुद्दाम कर बुडवल्याची प्रकरणं) वळतो.

नोटिसा पाहताना नेहमीच्या यादीवर थांबू नका. 'युजर सर्व्हिसेस' मध्ये 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' असा वेगळा कप्पा आहे. डीआरसी-०१ (कारणे दाखवा नोटीस) आणि डीआरसी-०७ (मागणीचा आदेश) कित्येकदा तिथेच पडून असतात.

धागाकर्ता
एकदम भरायला पैसे नसतील तर? हप्ते मिळतात असं सगळे सांगतात.

अबकारी
मिळतात, पण सगळ्या देण्याला नाही, आणि इथेच लोक फसतात. कलम ८० खाली डीआरसी-२० भरून जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मागता येतात. रक्कम २५,००० पेक्षा कमी असेल तर नाही. आणि रिटर्नमध्ये आपणच दाखवलेल्या कराला ही सवलत कायद्यातच नाही. म्हणजे ३बी भरलेलेच नसतील तर ते पूर्ण कर भरूनच दाखल होणार. हप्ते आदेशाने निघालेल्या मागणीला.

न भरलेले महिने असतील तर सर्वात जुना आधी. मागचा महिना भरल्याशिवाय पोर्टल पुढचा घेत नाही. पैसे थोडे थोडे कॅश लेजरमध्ये साठवून ठेवले की व्याज थांबलं असं समजू नका; उशिरा जमा केलेल्या रकमेवर रिटर्न दाखल होऊन ती वजा पडेपर्यंत १८ टक्के चालूच राहतं. लाखाला दिवसाचे सुमारे ४९ रुपये. म्हणून एका महिन्यापुरते पैसे जमले की तो महिना लगेच दाखल करा. विलंब शुल्क रोज ५० रुपये, पण दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर दर ३बीला २,००० वर थांबतं.

नोटीस येण्याआधी चूक सापडली तर डीआरसी-०३ ने स्वतःहून भरा. कलम ७३ मध्ये (बुडवण्याचा हेतू नसलेली प्रकरणं) दंड लागत नाही, ७४ मध्ये कराच्या १५ टक्के दंडावर सुटका होते. नोटिशीनंतर ३० दिवसांत भरलं तर २५, पुढे ५० आणि १००. (२०२४-२५ पासूनच्या वर्षांना ७४अ लागतं, तिथे मुदत ६० दिवस.) आदेश निघाल्यावर मात्र डीआरसी-०३ वापरू नका. पैसे जातात, मागणी तशीच उभी राहते. ज्यांनी भरले आहेत त्यांनी डीआरसी-०३अ ने ते मागणीला जोडून घ्यावेत.

अपिलाला आदेश मिळाल्यापासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी एक; वादातल्या कराचे १० टक्के आधी भरावे लागतात. हिशेबनिसाने आदेश लपवला हे उशिराचं कारण म्हणून मांडता येतं, पण त्या एका महिन्याच्या पलीकडे अपील अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात.

टीडीएसवाला
टीडीएस (पैसे देताना आपण कापून घेतलेला प्राप्तिकर) विसरू नका. कापून न भरलेल्या रकमेवर महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण धरतात: कपात जानेवारीतली, भरणा ८ फेब्रुवारीला, की ३ टक्के. शिवाय विवरणपत्राच्या उशिराचे रोज २०० रुपये. यात फौजदारी खटल्याची तरतूद आहे, म्हणून हातात पैसे कमी असतील तर हे आधी भरा.

नोकरदार
पगारदारांचंही असंच होतं. एजंट खोटं घरभाडं, खोट्या देणग्या दाखवून परतावा काढतो आणि त्यातला हिस्सा घेतो. आपलं रिटर्न उतरवून फॉर्म १६ शी ओळीने ताडा. चूक असेल आणि कारवाई सुरू झालेली नसेल तर अद्ययावत रिटर्न भरा: आकारणी वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत असाल तर कर व व्याजावर २५ टक्के जादा, २४ महिन्यांत ५०. चुकीची माहिती दिल्याचा दंड कराच्या २०० टक्के असतो, त्यापुढे हे खूपच हलकं.

खतावणी
तक्रारीबद्दल थोडं. आधी तो सीए आहे का ते सीए संस्थेच्या सदस्ययादीत पाहा. असेल तर संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे फॉर्म १ मध्ये तक्रार करता येते. नुसता 'कर सल्लागार' असेल तर पोलीसच. १ जुलै २०२४ नंतरच्या प्रकाराला भारतीय न्याय संहितेची ३१६ आणि ३१८, त्याआधीच्याला जुन्या दंडविधानाची ४०६, ४०९, ४२०. पोलीस तोंडी हकिकतीवर हलत नाहीत. महिनावार तक्ता करून न्या: त्याला दिलेली रक्कम, तारीख, धनादेश किंवा यूपीआय क्रमांक, त्याने पाठवलेलं चलन, आणि शेवटच्या रकान्यात कॅश लेजरमधली जमा. रोख दिलेल्या पैशांना निदान व्हॉट्सॲपवरची 'मिळाले' तरी जोडा. त्या चॅटच्या प्रिंटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. मूळ मोबाइल फॉरमॅट करू नका, विकूही नका. तपासात तो मागतात. तक्रारीची पोच जीएसटीच्या उत्तराला जोडा. कर त्याने माफ होत नाही, पण करबुडवेपणाचा हेतू नव्हता आणि प्रकरण ७४ ऐवजी ७३ मध्ये बसतं हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.