सरकारी दवाखान्यात केसपेपर फुकटच असावा का?

गोदाकाठ:
१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत झालं. मला हे पटत नाही. किंमत शून्य केली की मागणी वाढणार, डॉक्टर मात्र तेवढेच. मग सर्दीवाल्यांच्या मागे छातीत दुखणारा माणूस रांगेत उभा. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेने दोन हजारांवर कुटुंबांना वेगवेगळ्या विमा योजना देऊन पाहिलं. उपचार पूर्ण फुकट असलेल्यांचा खर्च बराच वाढला, पण बहुतेकांच्या तब्येतीत फरक दिसला नाही. दहा-वीस रुपये तरी घ्यावेत.

भाकरतुकडा:
रँडचं अर्धंच सांगितलंत. पैसे भरावे लागले तेव्हा लोकांनी बिनगरजेच्या उपचारांसोबत गरजेचेही टाळले, जवळपास सारखेच. आणि फरक पडला तो रक्तदाब असलेल्या गरिबांना. फुकट उपचारात त्यांचा रक्तदाब जास्त आटोक्यात राहिला. तुमच्या ‘बहुतेकांच्या’मध्ये हेच लोक हरवतात.
माझी आई मधुमेहाच्या गोळ्यांसाठी तालुक्याला जायची. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज, ही तिची खरी किंमत. केसपेपर फुकट झाला तरी ती शून्य होत नाही. रोज बुडवून कोणी उगाच रांगेत बसत नाही हो.

गोदाकाठ:
रोजाचा मुद्दा मान्य. पण फुकट मिळालेल्या गोळ्यांची कदर राहत नाही, घरी तशाच पडून राहतात.

रानवाट:
हेच केनियात तपासून झालंय, मच्छरदाण्यांवर. जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपा यांनी गरोदर बायकांच्या दवाखान्यांत त्या कुठे फुकट, कुठे थोड्या किमतीला दिल्या. जिथे ०.६० डॉलर लावले, तिथे शंभरातल्या सुमारे साठ जणी गळाल्या. आणि फुकट नेलेल्यांनी विकत घेतलेल्यांपेक्षा कमी वापरल्या असंही दिसलं नाही.

गोदाकाठ:
मग मधला मार्ग काढू. रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण यांना मोफत ठेवा. किरकोळ दुखण्याला शुल्क लावा.

ओपीडीतली सिस्टर:
किरकोळ कोणतं, हे खिडकीवर कोण ठरवणार? गर्दीने आमचेही हाल होतात, माणसं वाढवून हवीत, हे अगदी खरं. पण ‘छातीत जळजळतंय, पित्त असेल’ म्हणत आलेल्याचा ईसीजी काढल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. वीस रुपये वाचवायला तो घरी सोडा पिऊन झोपला तर?